टी बॉक्सवरची रोवणी

“मॅडम, नागपूरचं मशीन-बिशीन काही बोलावू नका. लेव्हल मी देतो!”

आमच्या भुपेंद्रनं हे म्हणताना छाती अशी फुगवली, अशी फुगवली, की शर्टाचं मधलं बटण तुटून सरळ रिता मॅडमच्या टेबलावर! मोनूनं ते उचलून दिलं. अपशकुन तिथंच झाला होता हो! पण बटणाचं ऐकेल तो भुपेंद्र कसला?

थांबा, आधी जागा सांगतो. वरठीहून पुढं गेलं की धानाच्या बांध्याच बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, लागतात, आणि त्यांच्या मधोमध अचानक एक हिरवंगार मोकळं रान. इतकं मोकळं की एसटीतला नवखा म्हातारा हमखास हळहळतो, “अरेरे, एवढी जमीन पडीक!” पडीक नाही आजोबा, ते बाबूलाल शेठचं गोल्फ कोर्स आहे! शेठ एकदा परदेशात फिरून आले. लोक येताना चॉकलेट आणतात, शेठ हा नाद घेऊन आले. नऊ होल, नऊ झेंडे, आणि व्यवस्थापक म्हणून नागपूरच्या रिता मॅडम. भुपेंद्र तिथला ग्राउंड सुपरवायझर. आणि मोनू म्हणजे भुपेंद्रचा मित्र आणि त्याच्या हाताखालचा एकुलता एक स्टाफ.

आता गोल्फमध्ये प्रत्येक होलच्या सुरुवातीला एक छोटा सपाट ओटा असतो. त्यावर चेंडू ठेवायचा आणि पहिला फटका हाणायचा. त्याला म्हणतात टी बॉक्स. चहाचा काही संबंध नाही. मोनू पहिल्या दिवशी कप घेऊन गेला होता, तसाच परत आला.

पण खेळणारे कसे? एकाहून एक! फटका चेंडूला कमी आणि जमिनीला जास्त. वर्षभरात नऊही ओट्यांची अशी दशा झाली की रानडुकरंसुद्धा पाहून म्हणाली असतील, “आपल्या आधी कोणी येऊन गेलं वाटते!” एका डॉक्टरसाहेबांचा चेंडू तर ठेवला की आपला आपणच घरंगळत निघायचा आणि त्यांच्याच गाडीखाली जाऊन बसायचा. आणि पंधरा ऑगस्टला बाबूलाल शेठचा कप, म्हणजे स्पर्धा! पाहुणे, फोटो, पेढे! मॅडम म्हणाल्या, टी बॉक्स उकरा, सपाट करा, नवं गवत घाला. लेव्हलचं मशीन नागपूरहून बोलावते.

तिथं भुपेंद्रचं ते बटण उडालं.

“मॅडम, आम्ही धानवाले लोक! पाणी सोडतो, चिखल करतो, पाटा फिरवतो. पाण्याहून मोठा इंजिनियर आहे का कोणी? जिथं पाणी साचलं तिथं खोल, जिथं माती उघडी पडली तिथं उंच! पाणी कोणाकडून कमिशन खात नाही!”

मॅडमना शेवटचं वाक्य फार पटलं. झालं, परवानगी!

पण भुपेंद्रच्या जिवाची एवढी घालमेल कशासाठी? कामिनीसाठी!

कामिनी एकोडीची. एका लग्नाच्या पंगतीत भुपेंद्र वाढायला होता आणि तिनं त्याला विचारलं, “तुमी काय करता?” तर हा हातातली वरणाची बादली मागं लपवून म्हणाला, “गोल्फवर साहेब आहो.” तिनं हसून त्याचा नंबर ‘गोल्फसाहेब’ या नावानं सेव्ह केला. कामिनी तयार होती. प्रश्न होता तिच्या बाबूजींचा, म्हणजे भैयाजींचा. पिढ्यान् पिढ्या धान पिकवणारा माणूस, पण जावयाची गोष्ट निघाली की एकच अट.

“चिखलात पाय घालनाऱ्याले पोरगी देनार नाही! मी जन्मभर चिखलातच हावो. एका वर्षी पानी नाही, एका वर्षी पानीच पानी, आन् दोन्ही बरे असले त तुडतुडा येते. नुकसान झालं का आपलंच, रडाचं बी घरीच. जवाई असा पाहिजे, का पाऊस पडो नाही त नोको पडो, पगार पडला पाहिजे!”

भुपेंद्र स्वतः लाखांदूरकडचा, घरची बांधी मोठ्या भावावर सोडून आलेला. वाकून वाकून कंबर मोडते म्हणून पळालेला! आणि भैयाजींनी निरोप धाडला होता: पंधरा ऑगस्टले येतो, नोकरी पाहतो, मन भरलं का तिथंच सुपारी फोडतो.

म्हणजे बघा, टी बॉक्स सपाट तर भुपेंद्रचा संसार सपाट!

लागला हा कामाला. नऊही ओट्यांचं जुनं गवत खरवडलं, भोवती छोटे छोटे धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातले, तलावातून पंपानं पाणी घेतलं, पॉवर टिलर घालून अशी चिखलणी केली, अशी केली, की माती पार श्रीखंड! मग पाटा फिरवला. आणि संध्याकाळी मॅडमना हात धरून, म्हणजे हात न धरता, दाखवायला नेलं.

“पाहा मॅडम! आभाळ दिसून राहिलं का नाही?”

खरंच हो! पहिला टी बॉक्स म्हणजे आरसा! रिता मॅडमनी त्यात पाहून केस नीट केले.

“मस्त आहे रे! पण हे वाळणार कधी?”

“धुरा फोडला का पाणी जाते, मॅडम. मग वरून गवताचे गालिचे टाकतो.”

गालिचे म्हणजे नागपूरच्या नर्सरीतून टेम्पो भरून आलेलं गवत. मातीसकट कापलेलं, चटईसारखं गुंडाळलेलं. नुसतं उलगडलं की झालं मैदान!

इथं आमचे बंधू एक बारीकशी गोष्ट विसरले. अहो, चिखलणी करतात कशासाठी? पाणी बांधीत धरून राहावं म्हणून! मातीची सगळी छिद्रं बंद व्हावीत म्हणून! आपल्याकडं बापजाद्यांनी ही एकच कला घोटून घोटून पोरांच्या रक्तात उतरवली, की एकदा चिखल केला की थेंब खाली जाता कामा नये. आणि भुपेंद्रनं तर जीव ओतून चिखल केला होता. तळ्याचा बापही झिरपला नसता!

पण हे कळायला तो तिथं हवा ना! चौदा ऑगस्टला सकाळीच स्वारी निघाली एकोडीला. मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी मंडळींना सोबतच घेऊन यायचं, असा बेत. पांढरी पँट, पांढरे बूट, केसांना तेल. जाताना मोनूला सूचना.

“पाणी गेलं का गालिचे अंथरून घेजो. रोवणीवाल्या बाया सांगून ठेवल्या आहेत. आन् मले फोन नको करजो!”

“काहून बे?”

“साहेब लोकाले सारखे फोन येत नाही. इज्जत जाते.”

“आग लागली तरी नाही?”

“आग लागली त पाणी आहेच न तिथं!”

फोन बंद करून खिशात, आणि भुपेंद्र एसटीत.

मॅडमही पाहुण्यांच्या तयारीसाठी नागपूरला गेलेल्या. इकडं मोनू पहिल्या टी बॉक्सवर गेला तर पाणी जागच्या जागी! धुरा फोडलेला, तोंड उघडं, वरवरचं वाहून गेलं, पण घोट्याएवढं जे राहिलं ते काही हलेना. मोनूनं हातानं लोटून पाहिलं. मगानं काढून पाहिलं. मग काठावर बसून नुसतं रागानं पाहिलं. तेवढ्यात वरून पावसाची एक सर आली आणि काढलेलं पाणी व्याजासकट परत!

आणि नेमक्या तेव्हाच लुगडी खोचून पंचफुलाबाईंची टोळी हजर. ही बाई म्हणजे अख्ख्या पंचक्रोशीची रोवणीची, म्हणजे धानाच्या लावणीची, कमांडर. वर मोनूची मोठी आई, म्हणजे थोरली काकू. लहानपणी तिनं मोनूला तुरीच्या काठीनं असं सरळ केलं होतं, की अजून ती दिसली की त्याची पाठ आपोआप ताठ होते.

“का रे मोन्या, काय कराचं आहे?”

“मोठी आई, पाणी गेलं का हे गवत अंथराचं.”

पंचफुलाबाईंनी गालिच्यांच्या ढिगाकडं पाहिलं. मग बांधीकडं पाहिलं.

“गवत?”

“हो.”

“चिखल करून?”

“हो.”

“पाटा फिरवून?”

“हो न, मोठी आई!”

“अबे, माह्या सासूची कंबर बांधीतलं गवत काढून काढून मोडली, माही मोडून राहिली, आन् तू मले बांधीत गवत लावाले सांगून राहिला?”

सगळ्या बाया अशा हसल्या, अशा हसल्या, की तलावावरचे बगळे उडून पलीकडच्या गावाला गेले.

“पण भुपेंद्र तसंच सांगून गेला, मोठी आई!”

“भुपेंद्र होय लाखांदूरकडचा पोट्टा. घरचा धान सोडून आला, आता जीव तुटत असन त्याचा. चिखल पाह्य न कसा केला, लोन्यावानी! गवतासाठी कोनी असा चिखल करते का? लाजून म्हनते तो गवत! नवी नवरी कशी नवऱ्याचं नाव घेत नाही, तसा हा धानाचं नाव घेत नाही!”

मोनूनं फोन काढला. भुपेंद्रची ताकीद आठवली. फोन परत खिशात. मित्राचा शब्द म्हणजे शब्द!

आता आमच्याकडची एक रीत आहे. रोवणी झाल्यावर परे उरले, परे म्हणजे धानाची रोपं, तर ते कोणी फेकत नाही. ज्याची बांधी रिकामी दिसेल त्याला देऊन टाकतात. पंचफुलाबाईंच्या घरी उरलेल्या पऱ्यांच्या जुड्या पडूनच होत्या आणि त्यांचा जीव त्यात अडकला होता. इकडं नऊ बांध्या, पाण्यानं भरलेल्या, आरशासारख्या, आणि रिकाम्या! त्या बाईच्या हातांना हे बघवेल?

“जा गं पोरीहो, परे आना!”

“आन् हे गवत, मोठी आई?”

“म्हशी उपाशी हायेत न घरी!”

अहो, काय सांगू! नागपूरचं ते विकतचं, एसीत वाढल्यासारखं नाजूक गवत! म्हशींनी आयुष्यात असं जेवण पाहिलं नव्हतं. एका म्हशीनं तर गालिच्याचं टोक धरलं आणि शेवया ओढाव्यात तसा अख्खा गालिचा आत!

त्या वेळी एकोडीत भुपेंद्रसुद्धा जेवतच होता. पाटोडीची भाजी, वर तुपाची धार, आणि तोंडानं एकसारख्या थापा.

“काकाजी, आमच्याकडं असं सपाट काम आहे, का मुंगी चालली तरी तिले चढ लागत नाही!”

“आन् चिखल?” भैयाजींनी डोळे बारीक केले.

“चिखल? काकाजी, चिखल पाहाचा असन त दुर्बीण आणा लागन!”

पडद्याआडून कामिनीचं हसू ऐकू आलं. भुपेंद्रला वाटलं, कौतुकानं हसली.

पंधरा ऑगस्ट! भैयाजींनी बोलेरो केली. पुढं भैयाजी, मध्ये भुपेंद्र, मागं काका, मामा आणि सुपारीची पिशवी. रस्त्यानं दोन्ही बाजूंना धानच धान, आणि प्रत्येक बांधी दिसली की भैयाजी तोंड फिरवायचे. “पुरे झालं हे! आता जवायाच्या राज्यात कोरडं कोरडं पाहू!”

गाडी आत शिरली. झेंडावंदन आटोपलेलं. पहिल्या टी बॉक्सभोवती पाहुण्यांची गर्दी, पण आवाज कोणाचाच नाही. भुपेंद्रला वाटलं, सपाटपणा पाहून सगळे थक्क झाले. ऐटीत गर्दी सारून पुढं गेला.

आणि पाहतो तर काय!

धान! ओळीनं, सुतात लावलेला, वाऱ्यावर डुलणारा हिरवागार धान! मध्ये टी बॉक्सच्या खुणेचा पांढरा दगडसुद्धा बायांनी जागचा हलवला नव्हता, त्याच्या भोवतीनं शिस्तीत रोवलं होतं!

बाबूलाल शेठ पांढऱ्या टोपीत, हातात काठी घेऊन पुतळ्यासारखे उभे. शेवटी पाहुण्यांना काहीतरी दाखवायला हवं म्हणून त्यांनी वाकून चेंडू ठेवला. चेंडू म्हणाला गुडुप! दुसरा ठेवला. गुडुप! तिसरा एका बेडकावर बसला आणि चालता झाला.

“भुपेंद्र!” रिता मॅडमचा आवाज असा निघाला की वरठीच्या स्टेशनावर गाडी थांबली असेल. “हे काय आहे?”

  भुपेंद्रनं हळूच मागं पाहिलं. भैयाजी धान बघत होते, डोळे विस्फारून.

“हे... हे वॉटर हझार्ड होय, काकाजी. गोल्फमध्ये पाण्याचा अडथळा ठेवाच लागते.”

“आन् त्याले लोंब्या येते?” भैयाजी म्हणाले.

तेवढ्यात पलीकडून गाण्याचा आवाज आला. पंचफुलाबाईंची टोळी! शेवटचा, नववा टी बॉक्स सकाळी रोवून झाला होता, आणि बाया दोन्ही हातांत चिखल घेऊन, गात, नाचत येत होत्या. तुम्हाला माहीतच आहे, रोवणी आटोपली की बाया मालकाला चिखल लावतात आणि जेवण मागतात. त्याशिवाय रोवणी पुरी होत नाही!

“मालक कोन आहे?” पंचफुलाबाई गरजल्या.

बाबूलाल शेठनी आपल्या पांढऱ्या कपड्यांकडं पाहिलं आणि मॅडमकडं बोट दाखवलं. मॅडमनी आपल्या पांढऱ्या बुटांकडं पाहिलं आणि भुपेंद्रकडं बोट दाखवलं. भुपेंद्र मोनूकडं बघतो, तर मोनू झेंड्याच्या काठीमागं!

आता आली का पंचाईत! “मीच मालक” म्हणावं तर चिखल, आणि चिखल म्हणजे कामिनी गेली! “मी कोणीच नाही” म्हणावं तर साहेबी गेली, म्हणजे तरीही कामिनी गेली!  

पण भुपेंद्रच्या आधी बोलले भैयाजी. जावयाला कोणी ओळखत नाही हे त्यांना सहन झालं नाही. मिशीवर हात फिरवून म्हणाले, “मालक? हे काय, आमचे जवाई! इथलं सारं यायच्याच हाताखाली आहे!”

झालं! बाया अशा तुटून पडल्या, अशा तुटून पडल्या, की पांढरी पँट गेली, पांढरे बूट गेले, केसांच्या तेलावर चिखल तर असा बसला की वारनिस केल्यासारखा! पंचफुलाबाईंनी शेवटी दोन्ही गालांना लावला आणि कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली. “पोटभर जेवन पाहिजे आमाले, मालक! वरून गुलाबजामून!”

भुपेंद्र पाय घसरून धानाच्या मध्ये, गुडघाभर चिखलात. हळूहळू त्यानं डोळ्यांवरचा चिखल पुसला. समोर भैयाजी.

“चिखलात पाय आहे तुमचा,” भैयाजी म्हणाले.

“हो, काकाजी.” आता काय लपवणार? डोक्यापासून पायापर्यंत पुरावा! “मी साहेब नाही. गवत कापतो. हे बी गवतच लावाचं होतं.”

 भैयाजी धोतर सावरून धुऱ्यावर उकिडवे बसले आणि बोलायला लागले.

“पानी कोनाचं?”

“शेठच्या पंपाचं.”

“बिल?”

“शेठ भरते.”

“खत?”

“गवतासाठी आणलेलं पडलं आहे गोदामात. शेठचंच.”

“आन् उद्या तुडतुडा आला, सारा धान गेला, त नुकसान कोनाचं?”

भुपेंद्रनं भीतभीत बाबूलाल शेठकडं पाहिलं. “शेठचं.”

“आन् तुमचा पगार?”

“तो... पडतेच न, काकाजी.”

भैयाजी उठले. डोळ्यांत पाणी! मागं वळून ओरडले, “ओ मामाजी! आना ती सुपारी! असा शेतकरी आपल्या सात पिढ्यात नाही झाला! धान याचा आन् नुकसान दुसऱ्याचं! अजून काय पाहिजे पोरीले?”

आणि तिथंच, पहिल्या टी बॉक्सच्या धुऱ्यावर, सुपारी फुटली हो!

रिता मॅडम मात्र पेटलेल्याच होत्या. “आधी हे सगळं उपटा! आत्ताच्या आत्ता!”

कोणी हलेना. लावलेल्या धानाला हात कोण लावणार? मोनूनं हात मागं बांधले. पंचफुलाबाईंनी नुसतं तुरीच्या काठीकडं पाहिल्यासारखं पाहिलं. मॅडम स्वतः पुढं झाल्या, एका रोपाला हात घातला, तर बाबूलाल शेठच ओरडले, “अहो मॅडम, राहू द्या! पोटाचं अन्न आहे ते!” शेठचे वडीलही धानवालेच होते ना शेवटी!

मग काय? कप गेला हिवाळ्यावर. भुपेंद्रला मॅडमनी बोलावून सांगितलं, “धान निघेपर्यंत तुला काढत नाही. कारण धान काढायला मला येत नाही!”

लग्नाचीही तीच तिथी ठरली, मळणी आटोपली की.

तर आता आमचा भुपेंद्र, घरचा धान सोडून कंबर वाचवायला पळालेला, रोज सकाळी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून नऊ टी बॉक्समध्ये वाकलेला असतो. निंदण चालू आहे. आणि मध्ये उगवलंय काय, माहीत आहे? तेच ते नागपूरचं गवत! गालिचे धुऱ्यावरून ओढताना जे तुकडे सांडले, ते असे काही रुजलेत, की भुपेंद्र ज्या गवतासाठी देव पाण्यात घालून बसला होता, तेच आता उपटून उपटून फेकतोय.

परवा पोळ्याच्या दिवशी कामिनीचा व्हिडिओ कॉल आला. यानं घाईघाईनं चेहरा पुसला आणि पाय दिसू नयेत म्हणून मोबाईल डोक्याच्या वर धरला.

“काय करून राहिले, साहेब?”

“काही नाही, साइट इन्स्पेक्शन!”

“असं? मोबाईल थोडा खाली करा न. अजून खाली. बस्स, बस्स!”

ती नुसती हसत होती.

“ओ गोल्फसाहेब, डाव्या पायाजवळ गवत राहिलं बरं! तेवढं इन्स्पेक्शन करून टाका!”

आणि भुपेंद्र वाकला!